डळमळणारे चक्रद्वीप

यमुनाबाई खोत यांनी अवकाशात चक्रद्वीप वसवले. त्यांच्या कन्या इंदुमती यांनी तिथे भात पिकवून दाखवला. आणि इंदुमतींच्या कन्या सुनेत्रा त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. या सुनेत्रांच्या अकरा वर्षांच्या लेकीला, शाल्मलीला, त्या सकाळी कोडे पडले होते: ताटातली आमटी सारखी एकाच कडेला का धावते?

उत्तर खिडकीबाहेर होते. चक्रद्वीप म्हणजे चाकासारखा फिरणारा, चार हजार वस्तीचा देश. त्याच्या काठाला कालपासून मंगळसंघाचे अजस्र बर्फवाहू जहाज चिकटले होते. इकडे भातखाचरांना चारच दिवसांचे पाणी उरले होते. मंगळाचे राजदूत दिघे यांनी बर्फ फुकट देऊ केला. मात्र त्यांचे जहाज कायम इथे राहणार आणि चंद्रवासीयांना बंदी. उत्तर दुपारपर्यंत हवे होते.

हो म्हणायला हरकत काय, असे शाल्मलीने विचारले. आईने भोवरा फिरवला, मग त्याच्या एका कडेला मेण चिकटवून पुन्हा फिरवला. तो लटपटून आडवा झाला. आसाभोवती (वस्तू जिच्याभोवती फिरते त्या रेषेभोवती) वजन सारखे वाटलेले नसेल, तर तोल जातो.

"मग समोर चंद्राचं जहाज बांधू," शाल्मली म्हणाली.

"आणि उद्या त्यातलं एक रुसून निघून गेलं तर?"

शाल्मलीने थोडे मेण भोवऱ्याच्या समोरच्या कडेला सरकवले. "आपले दगडांचे गाडे रुळांवरून समोरच्या बाजूला सरकवायचे. पण गाड्यांना पेलेल एवढंच जहाज येऊ द्यायचं."

"याला परराष्ट्रधोरण म्हणतात," आई म्हणाली. "इतर देशांशी कसं वागायचं, याची आपण ठरवलेली रीत."

दुपारी आईने अटी वाचल्या. जहाज कोणाचेही असो, वजन ठरलेले, मुक्काम सात दिवसांचा, आणि मुक्कामाच्या बदल्यात बर्फ.

"इवलासा देश, आणि तोरा केवढा," दिघे हसले.

"तुमच्या जहाजांना गुरू ग्रहाच्या वाटेवर दुसरा थांबा दाखवा, साहेब. याच अटी चंद्रालाही आहेत."

दिघ्यांनी थांब्याचा विषय सोडला. त्यांनी ठेवणीतले अस्त्र काढले: यमुनाबाईंनी मंगळावरून तीस पोती बियाणे उसने नेले होते; त्या उपकाराचे काय?

ते बियाणे आम्ही तीनदा परत पाठवले आणि तुम्ही तीनदा नाकारले, कारण तुम्हाला आमची मान वाकलेली हवी होती, असे आईने शांतपणे सुनावले. मग तिने कोठार उघडवले. खोतांच्या घरी बियाणे सवाईने, म्हणजे सव्वापट, फेडत. म्हणून साडेसदतीस पोती मोजली गेली.

"हे घ्या, तरच थांबा मिळेल."

दिघे हसले, पण या वेळी मोकळेपणाने, आणि अटींखाली त्यांनी सही केली. हे मोठे जहाज बर्फ उतरवून जाणार होते आणि उद्यापासून मंगळ व चंद्र, दोन्ही बाजूंची लहान जहाजे येणार होती. शेवटचे अर्धे पोते शाल्मलीने स्वतः उचलून जहाजात ठेवले आणि दिघ्यांकडून पावती लिहून घेतली: यमुनाबाई खोत यांचे उसने पूर्ण फिटले.