गालातलं जायफळ

दिवा जरा जवळ सरकवा, माझं तोंड दिसू दे तुम्हाला. या गोष्टीत तोंडाचंच काम आहे.

त्या दिवशी सकाळी मी धुरीच्या खोलीत जायफळं हलवायला गेले होते. बांबूच्या पट्ट्यांवर बिया पसरलेल्या, खाली मंद विस्तव, रोज एकदा हात फिरवायचा. खोली जुन्या गोऱ्या मालकाची. आमच्या बांदा बेटांवर असले तुआन, म्हणजे गोरे मालक, पुष्कळ आले. कुणी शिपाई, कुणी खलाशी, कुणी घरच्यांनी हाकललेला. इथली मूळ माणसं कापली, बागा वाटून घेतल्या आणि राबायला आमच्या पणज्यांना जहाजात घालून आणलं. जायफळ दुसरीकडे कुठं उगवू नये म्हणून आमचा तुआन बाहेर जाणारं एकूण एक बी चुन्यात बुडवायचा. चुना लागला की बी मेलं. हे मला शाळेनं नाही शिकवलं. मी तिसरीत मास्तरांच्या टोपीत खेकडा ठेवला, तिथंच माझी शाळा संपली.

तुआन कधीच मातीत गेला. त्याचा चुन्याचा हौद कोरडा ठणठणीत, खोलीच्या कोपऱ्यात. आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालतात.

तर मी हात फिरवतेय, आणि माझी नात लेला दाणदाण पाय आपटत आत आली. सातवा महिना, पोट पुढं, राग त्याच्याही पुढं. हातात टोपली.

"आजी, हे काय केलंस?"

टोपलीतली ताजी जायफळं पांढरीफटक. चुन्यात घोळलेली.

आता तुम्हाला सांगते. आमच्यात मूल झालं की त्याची वार पुरतात, वर झाड लावतात. लेलाच्या वारेवर जायफळीचं झाड आहे. ती नवऱ्याबरोबर सेराम बेटावर कायमची निघालेली. तिच्या बाळाच्या वारेवर तिच्या झाडाचं लेकरू लागावं, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तोडलेल्या बिया होत्या त्या.

"मी नाही केलं गं."

"मग कोणी? काल रात्री उंबऱ्याजवळ ठेवल्या होत्या. घरात चुना खातं कोण? तूच ना? मी जाऊ नये म्हणून!"

"अगं, मी तुझ्या नवऱ्याच्या चपलेत मासा ठेवला, कबूल. रुस्लान अजून वास घेत फिरतोय. पण हे माझं नाही."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, आजी? जन्मभर थट्टाच केलीस."

आणि पोरगी रडली. मला कुणी थोतरीत मारली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी बोट होती. अशी रुसून गेली असती, तर परत कधी आली असती?

मी म्हटलं, "पुन्हा तोड बिया. ही घे माझी चुन्याची डबी, कमरेला खोच. मी टोपली घेऊन इथंच बसते. तू बाहेर पायरीवर बस. बघू चुना कुठून येतो ते."

दिवस मावळला, मगरिबची बांग झाली. पारवे झाडांवर परतले. ते अख्खं जायफळ गिळतात आणि समुद्रापार जाऊन टाकतात. तुआनची त्यांच्यापुढं कधी मात्रा चालली नाही. ते बघून मला सुचलं. टोपलीतलं एक बी, लाल जायपत्रीसकट, मी डाव्या गालात ठेवलं. उजव्या गालात नेहमीची सुपारी.

विस्तव विझत आला. धुराचा गोड वास हळूहळू मागं सरला आणि ओल्या चुन्याचा वास आला... नाकात झोंबणारा. मग कोरड्या हौदात काहीतरी ढवळल्याचा आवाज. लाकडी दांडा... पाण्यात... गोल... गोल.

कोंबडी फडफडत बाहेर पळाली.

मला फक्त बाही दिसली. झालरीची. बाहीतून हात आला, कोपरापर्यंत पांढरा. गोरा नव्हे हो, पांढरा. टोपलीतलं एकेक बी उचलून अंधारात नेई, चुबुक आवाज होई आणि ते पांढरं होऊन परत येई. घाई नाही, राग नाही. रोजचं काम असल्यासारखं.

टोपली झाली. मला वाटलं, सुटले. तर तो हात माझ्या गालाला लागला. गार... माशाच्या पोटासारखा. मग तळवा माझ्या ओठांपुढं उघडा धरला. थांबला.

अंगाला दरदरून घाम. पण माझी खोड जाईल का? मी उजवा गाल हलवला आणि फू करून सुपारी त्याच्या तळव्यात टाकली.

हात जरा थबकला... मग अंधारात गेला. चुबुक.

इतकी वर्षं बेटावर काढली मेल्यानं, पण सुपारी कुठली आणि जायफळ कुठलं कळेना! मला असं हसू फुटलं की बी गिळता गिळता राहिलं.

लेला धावत आत आली. टोपलीतून चुना अजून टपकत होता, आणि माझी डबी तिच्या कमरेला. तिनं एकदा हौदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आजी गं..." एवढंच म्हणाली आणि मिठी मारली. मधे तिचं पोट.

मी गालातलं बी काढून तिच्या गालात कोंबलं. "सेरामला पोचेपर्यंत बोलायचं नाही. नवरा खूश होईल."

बी रुजलं. मुलगी झाली, तिची वार त्याखाली गेली. आता झाडाला फळं धरलीत. लेला गेल्या महिन्यात पहिलं फळ घेऊन आली. मी हातानं फोडलं. लाल जायपत्री, आत तपकिरी, स्वच्छ बी. मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

लेलाची पोर, यास्मा, माझ्या मांडीवर होती. म्हणाली, "पणजी, आमच्याकडं संध्याकाळी एक बाबा येतो. सगळ्यांना तोंड उघडायला लावतो."

लेला म्हणाली, "काहीतरी बोलते. तिथं कोणी येत नाही."

"मग तू काय करतेस गं?" मी विचारलं.

पोरीनं डावा गाल फुगवून दाखवला, अगदी माझ्यासारखा. मी कौतुकानं तिचा मुका घ्यायला वाकले, तर तिनं छोटासा तळवा माझ्या ओठांपुढं उघडा धरला.

"आता तू आ कर."

तिची बोटं पांढरी होती. ओली.

माझे दात जाऊन पान सुटलं, त्याला वर्षं झाली. घरात चुना नाही.