दहा सेंटिमीटरमधले वीस टाके

"हात वर कर. अजून वर. आता श्वास सोड."

"सोडला की. आता घ्यायला जागाच उरली नाही," स्वेटरच्या आतून आवाज आला.

ताईने खालून आणि गोगलगायीने वरून जोर लावला, तेव्हा कुठे फटाक्याचं डोकं गळ्यातून बाहेर आलं. केस पिंजारलेले, कान लाल. स्वेटर मात्र काखेतच अडकून बसला होता.

फटाका म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, वय वर्षं अकरा. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून फटाका. गोगलगाय आत्याच्या शेजारची, ताईच्याच वयाची. तिला या नावाचा राग नव्हता. "हळू चालते, पण चुकीच्या घरात शिरत नाही," असं ती म्हणायची.

"हा बारा वर्षांच्या मुलासाठी आहे ना?" ताईने विचारलं. "मग अकराच्या माणसाला होत कसा नाही?"

आत्या खिडकीपाशी बसली होती. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, तरी तिचं लक्ष नव्हतं. ती विणकाम केंद्रात एकोणीस वर्षं काम करत होती. एका शाळेच्या वाद्यवृंदासाठी चाळीस स्वेटर विणायचं काम केंद्राकडे आलं होतं. आत्याचा हात सगळ्यांत भरभर चालायचा, म्हणून पहिला स्वेटर तिचाच पुरा झाला. आणि तोच परत आला, सोबत केंद्र चालवणाऱ्या बाईंची चिठ्ठी घेऊन. 'हात घट्ट झाला आहे. छाती ऐंशीची सत्तर भरली. शनिवारी सुया जमा कराव्यात.'

आज गुरुवार होता.

"सुया जमा करायच्या म्हणजे?" फटाक्याने विचारलं.

"म्हणजे पुन्हा यायचं नाही," आत्या म्हणाली. मग आपलीच बोटं उघडमीट करत पुटपुटली, "असेल बाई. वय झालं. आपला हात आवळलेला आपल्याला कुठे कळतो?"

ताईला ते ऐकवेना. आत्याचा आवाज एवढा बारीक तिने कधी ऐकला नव्हता.

"हा कट आहे," फटाका म्हणाला. "कुणीतरी स्वेटर बदललाय. नाहीतर उकळत्या पाण्यात टाकलाय."

"नाहीतर उंदराने दहा सेंटिमीटर खाल्ले," ताई म्हणाली. "गप रे."

गोगलगाय एव्हाना जमिनीवर मांडी घालून बसली होती. स्वेटरची खालची कड मांडीवर घेऊन ती टाके मोजत होती. एकदा मोजले. पुन्हा मोजले. फटाक्याने तोवर दोन केळी संपवली.

"एकशे साठ," ती म्हणाली. "आत्या, विणायचे किती होते?"

"एकशे साठच. दहा सेंटिमीटरला वीस टाके, म्हणजे ऐंशीला एकशे साठ."

"मग टाके बरोबर आहेत. माप चुकलंय."

"हे वीस कुणी ठरवले?" ताईने विचारलं.

"मास्तरांनी. नमुने तेच काढतात. पूर्वी नवी लोकर आली की आम्ही प्रत्येकजण आधी छोटा तुकडा विणून पाहायचो, आपल्या हाताने किती टाके बसतात ते. पण त्यात दोन दिवस जायचे. आता मास्तर एकच तुकडा विणतात, आकडा फळ्यावर लावतात आणि सगळ्याजणी त्यावर विणतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आत्या," ताई म्हणाली, "ही लोकर उरलीय ना? आम्हाला तो तुकडा विणायला शिकव."

सुलट आणि उलट टाका तिघांनाही यायचा. मागच्या सुट्टीत आत्यानेच शिकवला होता. अडचण होती ती स्वेटरवरच्या नक्षीच्या तक्त्याची. चौकटीचा कागद, काही चौकटी रिकाम्या, काहींत ठिपका. रिकामी म्हणजे सुलट, ठिपका म्हणजे उलट, एवढं ऐकून फटाक्याने सुया उचलल्या. एक तास तो चक्क गप्प होता. मग त्याने विणलेला तुकडा मोठ्या दिमाखात वर धरला.

"हे काय आहे?" गोगलगायीने विचारलं.

"झाडं. तक्त्यात आहेत तशीच."

"तुझी झाडं शीर्षासन करतायत."

दिवसभरात आत्या पहिल्यांदाच हसली. "अरे शहाण्या, पुस्तकासारखा वरून वाचलास होय? विणकाम खालून वर वाढतं, घर बांधतात तसं. तक्ताही खालून वाचायचा. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे. मग काम उलटलं की दुसरी डावीकडून उजवीकडे, आणि तेव्हा आपण मागची बाजू विणत असतो, म्हणून ठिपक्याला सुलट आणि रिकाम्याला उलट."

"म्हणजे सगळंच उलटं," फटाका म्हणाला.

"तुझ्यासारख्याला सोपं जाईल मग," ताई म्हणाली. फटाक्याने शीर्षासनवाली झाडं उसवली आणि पुन्हा टाके घातले.

शिकवता शिकवता आत्या खुर्चीवरून उठून त्यांच्यात येऊन बसली होती. वीसच नाही, तीस टाके घाला, कारण कडा मुडपतात आणि खोटं बोलतात. माप नेहमी मधलं घ्यायचं. विणून झालं की कोमट पाण्यात बुडवायचं, टॉवेलमध्ये दाबायचं, पिळायचं नाही. सपाट पसरून वाळू द्यायचं. "आणि ओढायचं नाही," ती दोनदा म्हणाली. "अंगात घातल्यावर स्वेटरला कुणी चारी बाजूंनी ओढून धरत नाही."

शुक्रवारी दुपारी तिन्ही तुकडे वाळले. फटाक्याने त्यांना सकाळपासून सतरा वेळा हात लावून पाहिला होता. ताईने पट्टी ठेवली, गोगलगायीने टाचणीच्या टोकाने टाके मोजले.

ताईच्या तुकड्यात तेवीस. गोगलगायीच्या ढिल्या हाताचे बावीस. फटाक्याने दात-ओठ खाऊन विणल्यामुळे त्याचे सव्वीस.

"सव्वीस म्हणजे मी पहिला?"

"सव्वीस म्हणजे तुझा स्वेटर बाहुलीला होईल," ताई म्हणाली. मग ती थांबली. "पण वीस कुणाचेच नाहीत."

आत्याने स्वतःही एक तुकडा विणून वाळवला होता. ताईने तो मोजला. तेवीस.

"एकाचा हात घट्ट, एकाचा ढिला, आणि आत्याचा बरोबर मधला," गोगलगाय सावकाश म्हणाली. "मग मास्तरांना वीस मिळाले कुठून? मला त्यांचा तुकडा बघायचाय."

शनिवारी आत्याबरोबर तिघंही केंद्रात गेले. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बाई आणि प्रत्येकीच्या मांडीवर अर्धा निळा स्वेटर. आत्याच्या हातातली सुयांची पिशवी पाहून खोलीतली कुजबुज थांबली. केंद्राच्या बाई आणि मास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांच्या मागे भिंतीवर बुचाचा फळा होता आणि त्यावर मास्तरांचा निळा तुकडा, शेजारी 'वीस' लिहिलेला कागद.

गोगलगाय फळ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हललीच नाही. तुकड्याच्या चारी कडांना टाचण्या होत्या. प्रत्येक टाचणीपाशी लोकर टोकासारखी बाहेर ताणलेली, दोन टाचण्यांच्या मध्ये आत गेलेली. तिने ताईच्या कानात काहीतरी सांगितलं. ताईने फटाक्याला कोपराने ढोसलं, म्हणजे आता तू बोलू नकोस.

"मास्तर," ताई अदबीने म्हणाली, "आम्ही विणकाम शिकतोय. तुकडा कसा मोजतात ते दाखवाल का?"

मास्तर खूश झाले. चष्मा कपाळावरून नाकावर आणत म्हणाले, "या, या. आजकालची मुलं असलं काही विचारतात कुठे? ही पट्टी अशी ठेवायची. आता मोजा."

"वीस," गोगलगाय म्हणाली.

"बरोबर वीस," मास्तर बाईंकडे पाहत म्हणाले.

"आता टाचण्या काढून मोजून दाखवाल?"

"टाचण्या कशाला काढायच्या? ओला असताना लावल्या, वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तशीच मापं घेतली. काय फरक पडतो?"

"काढा ना मास्तर," बाई म्हणाल्या. "मलाही बघू दे."

मास्तरांनी एकेक टाचणी काढली. शेवटची निघाली तसा तुकडा हलकेच आखडला आणि टेबलावर ठेवल्यावर आणखी थोडा बसला. मास्तरांनी पट्टी ठेवली. मोजलं. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तेवीस," मास्तर म्हणाले.

ताईने पिशवीतून चार तुकडे काढून शेजारी मांडले. "बावीस, तेवीस, सव्वीस. आणि हा आत्याचा. तेवीस. तिचा हात घट्ट नाही. ती सगळ्यांच्या आधी पोहोचली, म्हणून चूक आधी तिच्या स्वेटरमध्ये दिसली."

खोलीतल्या बायकांनी आपापले अर्धे स्वेटर पट्टीला लावून पाहिले. कुणाचा एकाहत्तरच्या हिशेबाने चालला होता, कुणाचा एकोणसत्तरच्या. एक आजीबाई म्हणाल्या, "मला वाटलं, माझेच डोळे गेले. बोलले नाही भीतीने."

बाईंनी सगळे तुकडे एका ओळीत मांडले. मग आत्यापुढे येऊन म्हणाल्या, "मी फळ्यावरचा आकडा खरा मानला आणि एकोणीस वर्षांचा हात खोटा. चुकलं माझं. सर्वांसमोर सांगते."

मास्तर तिन्ही मुलांकडे वळले. "मी तिशीपासून नमुने काढतोय. टाचण्या काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. शाबास." मग फटाक्याचा तुकडा उचलून म्हणाले, "पण हे सव्वीस कुणी विणले? यात पाणीसुद्धा साठेल."

"माझा भाचा आहे तो," आत्या म्हणाली. तिचा आवाज खोलीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत गेला. "झाडं सुलटी विणलीत, बघा."

बाईंनी सुयांची पिशवी तिच्याकडे परत सरकवली. "आज सुरुवात करता? शाळेला वेळेत द्यायचेत."

आत्याने आपली खुर्ची ओढली, बसली, आणि खोलीभर नजर फिरवली.

"आज सुरुवात होईल, पण स्वेटरची नाही," ती म्हणाली. "आधी प्रत्येकजण आपापला तुकडा विणेल. धुऊन वाळायला उद्याची दुपार होईल. शाळेला सांगा, थांबा म्हणून."

बाई टेबलापाशी गेल्या, फोन उचलला आणि शाळेचा नंबर फिरवला. ताई, गोगलगाय आणि फटाका खोलीभर फिरून प्रत्येकीच्या हातात तक्ता देऊ लागले.

"खालून वर वाचायचा हं," फटाका दर खुर्चीपाशी बजावत होता.