आक्काची सही

“तू मेलीस तरी इथं टॉवर उभा राहणारच आहे, आक्का.”

“मग मरेपर्यंत थांब की. घाई कसली आहे एवढी?”

“सगळ्यांनी जागा दिली. तुझंच एकटीचं काय सोनं पुरलंय इथं?”

“सगळ्यांनी दिली म्हणून तर माझी एकटीची उरली. आणि आवाज खाली. तुझं नाक पुसलंय मी, मला डोळे दाखवू नकोस.”

हसू नका रे पोरांनो. हे असं चाललं होतं तेव्हा माझा दोस्त या बहीण-भावाच्या दारात रिकामा कॅन घेऊन उभा होता. मी त्याच साइटवर क्रेन चालवायचो आणि तो माझ्याच खोलीत राहायचा, म्हणून मला सगळं माहीत. जमिनीत भोकं पाडायचं मशीन चालवायचा; आम्ही त्याला ड्रिलवालाच म्हणायचो. टॉवरचं वजन पेलायला खाली खडक लागेपर्यंत भोक पाडायचं, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा, वरून काँक्रीट ओतायचं, हे त्याचं काम. मशीनला गोडं पाणी लागायचं, आणि समुद्राकाठी गोडं पाणी एकट्या आक्काच्या विहिरीला. टॉवर बांधणाऱ्या कंपनीशी तिचं उभं वैर, पण पाण्याला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार होता. आभाळात चंद्र नव्हता, ओहोटी लागली होती.

आजूबाजूची घरं कंपनीने केव्हाच घेऊन पाडली होती. मधोमध हे एक उरलेलं, आणि टॉवरचा अर्धा पाया नेमका त्याच्याच अंगणातून जाणार. जागा बहीण-भावाच्या दोघांच्या नावावर. भावाने सही देऊन टाकली होती; बदल्यात त्याला वरच्या मजल्यावर समुद्र दिसणारा फ्लॅट मिळणार होता. जन्मभर अंगणातून फुकट दिसलेला समुद्र बघायला ह्याला लिफ्ट पाहिजे होती. आक्काने सही दिली नाही. कोर्टातून स्टे आणला. मोजणीच्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. कंपनीने दमदाटीला एक पैलवान पाठवला, तर त्याच्या अंगठ्याचा तिने असा चावा घेतला की दवाखान्यात टाके पडले.

त्या शनिवारी ती वकिलाकडे गेली. तेवढा डाव साधून भावाने कुंपणाच्या तारा कापून दिल्या, आणि ड्रिलवाल्याच्या मशीनने तिच्या अंगणात माणूस मावेल एवढं भोक पाडलं. रात्री काँक्रीट ओतायचं ठरलं. एकदा ओतलं की कोर्ट काय ते उपटून काढणार आहे? आक्का परत आली, तिने हे बघितलं, आणि ते भांडण पेटलं.

तिची नजर दारातल्या कॅनवर गेली. “माझ्याच अंगणाला भोक पाडून माझंच पाणी न्यायला आलास होय? ने. मशीनचा काय दोष.”

हा खाली मान घालून विहिरीकडे गेला. मागे भांडण चालूच.

“आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझ्यापायी मी लग्न केलं नाही.”

“हे ऐकून ऐकून कान किटले माझे. घराची राखण करायला वाढवलंस का मला?”

“नाही रे. माणूस होशील म्हणून वाढवलं. नाही जमलं मला.”

ड्रिलवाला कॅन भरून निघाला. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्या घरात भांडी रोजच पडायची, हा थांबला नाही. मग परत आवाज. मग परत. भांडं एकदा पडतं. हा आवाज पडतच राहिला.

हा मशीनपाशी येऊन बसला. काँक्रीटची गाडी यायला अवकाश होता.

थोड्या वेळाने भाऊ आला. एका हातात पहार. खांद्यावर गुंडाळलेली चटई. चटईतून एक पाऊल बाहेर आलं होतं, टाचेला भेगा पडलेलं. भावाच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि ते पाणी नव्हतं.

“जुनं सामान आहे,” भाऊ म्हणाला.

ड्रिलवाल्याची नजर त्या पावलावर.

“बघितलंस काही?”

पहार याच्या गळ्याला टेकलेली. याने मान हलवली. नाही.

भोकाभोवती फळ्या टाकल्या होत्या, कारण माती ढासळू नये म्हणून संध्याकाळी ओतलेला काँक्रीटचा ओटा अजून ओलाच होता. भाऊ फळीवरून पुढे गेला, खांदा झुकवला. चटई गेली. खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

“आता पिंजरा सोड.”

“आधी खोली मोजावी लागते,” ड्रिलवाला म्हणाला. नुसती सवय हो. पिंजरा सोडण्याआधी दोरीला वजन बांधून खाली सोडायचं, ते टेकलं की खूण बघायची. इतकी वर्षं करत आलेला माणूस, हात आपोआप चालले.

वजन खाली गेलं. टेकलं. दोरी सैल पडली.

याने ती ओढायला घेतली...

दोरी आली नाही.

अडकली असेल. याने परत ओढली. खालून कुणीतरी ओढली. जोरात नाही. दाराबाहेर उभं राहून कडी वाजवावी, तेवढीच.

याने हात काढून घेतला. “दादा... ती जिवंत आहे.”

भावाचा चेहरा फिरला. त्याने दोरी हिसकावली, पोटावर पडला, तोंड भोकात घातलं. “अजून आहेस होय? आता दे सही. सहीला हात उरलाय का बघ.” आणि हसला. ते हसू भोकात गेलं आणि परत आलं नाही.

मग दोरी ताणली.

ती त्याच्या मनगटाला वेढली होती. त्याने वेढली नव्हती. चामडी कापत आत गेली. भाऊ ओरडला. हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. भोकाच्या तोंडाला लोखंडी पाइप असतो, त्याच्या काठावर त्याचं तोंड आपटलं. दात फुटल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या हाताने तो पहार खाली खुपसत होता. अंधारात. एकदा, परत, परत. “सोड... सोड मला... मेलीस ना तू...”

ड्रिलवाल्याने त्याचे पाय धरले. कितीही नीच असला तरी माणूसच तो. टाचा रोवून ओढलं. भावाच्या खांद्याचा सांधा निखळला, तो आवाज ड्रिलवाला मला सांगू शकला नाही. फक्त दोन्ही कान झाकून घेतले त्याने, माझ्यासमोर, इतक्या वर्षांनी.

मग खालून आक्का बोलली.

एकच वाक्य. दमलेल्या माणसाचा आवाज.

आणि भाऊ लढायचा थांबला... पहार सुटून फळीवर पडली. अंग सैल पडलं. हातपाय झाडून झाडून थकलेलं पोर कडेवर घेतल्यावर जसं सैल पडतं, तसं. ड्रिलवाल्याच्या हातात पाय होते. मग नुसत्या चपला होत्या.

खाली काहीच आपटलं नाही. हा वाट बघत राहिला. काहीच नाही...

गाडीवाला आला तेव्हा हा मशीनखाली शिरून बसला होता. काँक्रीट ओतलं नाही. पोलीस आले. स्वयंपाकघरातलं रक्त छतापर्यंत उडालं होतं, पहारीला केस चिकटले होते. भोकात माणूस उतरवला, बॅटरी सोडली. भोक तळापर्यंत रिकामं. चटई नाही, आक्का नाही, भाऊ नाही.

कंपनी अजून कोर्टात खेटे घालते आहे. दोघांच्याही मेल्याचा दाखला नाही, म्हणून वारस लागत नाही, म्हणून सही होत नाही. शेजारचे दोन टॉवर उभे राहिले, या टॉवरच्या नुसत्या सळ्या पत्र्याच्या आड गंजताहेत. मोठ्या वकिलाने घर धोकादायक म्हणून पाडायचा हुकूम मिळवला, तर मशीन घेऊन जायला ड्रायव्हर मिळत नाही. मीही गेलो नसतो.

कारण तो ओटा. सकाळी सगळ्यांनी बघितला, मीसुद्धा. फळ्या जागच्या जागी होत्या, आणि बाजूच्या काँक्रीटमध्ये पावलं उमटली होती. भोकाच्या काठापासून निघालेली, घराच्या दाराकडे जाणारी. परतीची नाहीत. एक जोडी बाईची, भेगाळलेल्या टाचांची. दुसरी तिला लागूनच, माझ्या तळहाताएवढी. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाची असतात, तशी.

त्या साइटवर लहान मूल नव्हतं. कधीच नव्हतं.

काय रे? ती काय बोलली, ते? ड्रिलवाला ते कुणालाच सांगायचा नाही. पोलिसांनाही सांगितलं नाही. मला सांगितलं ते शेवटच्या आजारात, दिवा चालू ठेवायला लावून. एवढं भांडण, कोर्टकचेऱ्या, चावे, पहारी, आणि ते मिटलं कशावर, तर आक्का खालून म्हणाली:

“पुरे झालं रे बाळ, अंधार पडलाय, चल आता घरी.”