पोटानं दिलेला नकार

दुकानाबाहेरच्या वजनकाट्यावर चढण्याआधी त्यानं चपला काढल्या. मग घड्याळ काढलं, खिशातला मोबाईल आणि गाडीची किल्ली शेजारच्या स्टुलावर ठेवली. तरी आकडा खाली येईना, तेव्हा त्यानं श्वास रोखून पोट आत ओढलं…

"पोट आत घेतल्यानं काटा फसत न्हाई," आतून आवाज आला. "माणसं फसतात."

त्यानं दचकून वर पाहिलं. काचेच्या काउंटरमागे हनुवटीखाली हात घेऊन राजेश्वरी त्याच्याकडे बघत होती. तिच्या मागे फळ्यांवर मोठाले काळे डबे, प्रत्येकावर एक उघडाबंब पैलवान. बाहेर पावसाची भुरभुर, आणि ह्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. हसावं की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती थोडीशीच हसली. ते थोडंसंच महागात पडलं, असं आता म्हणता येईल.

तो दुधगावचा आर्जव, जैन शेतकऱ्याच्या घरातला. हळदीचे नमुने घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात आला होता. वाटेत काटा दिसला आणि हिंमत केली. बाकीचं तिनं हळूहळू काढून घेतलं. इचलकरंजीची एक मुलगी, कीर्ती, त्याला सांगून आली होती. मुलीकडच्यांचा निरोप होता, की घर चांगलं, शेती चांगली, मुलगाही चांगला, फक्त जरा जड आहे. दिवाळीपर्यंत उतरवा, मग बोलू. जिममधला मित्र म्हणाला होता, चरबी घालवायची आणि अंग टिकवायचं, ह्याला कटिंग म्हणतात, आणि ते फॅट बर्नरशिवाय, म्हणजे चरबी जाळायच्या गोळ्यांशिवाय, होत नसतं.

राजेश्वरी मूळची मेढ्याची. आहारशास्त्राचा कोर्स करून ती सांगलीत मामेभावाच्या, जयराजच्या, ह्या प्रोटीन पावडरींच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक परत पाठवते म्हणून त्याची बोलणी खायची. आर्जवलाही तिनं सरळ सांगितलं. त्या गोळ्यांत बहुतेक कॉफीतलाच माल. छाती धडधडते, झोप उडते, चरबी हलली तर नावापुरती. व्हे पावडर म्हणजे औषध नव्हे, नुसतं दुधाचं सत्त्व. अंडं-मटण न खाणारा माणूस जेवण कमी करतो, तेव्हा अंगातलं मांस टिकवायला तिचा उपयोग, तेवढाच. बाकी खर्चापेक्षा कमी खायचं आणि चालायचं. शिवाय ह्या कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांपासून करतात, हे कळल्यावर त्यानं तव्याला बोट लागावं तसा हात मागे घेतला.

"मग हे विकता कशाला?"

"खरं फुकट सांगते. ते कुणी नेत न्हाई."

त्यानं नेलं. आणि दर आठवड्याला काय उतरलं ते सांगायला येऊ लागला. भाकरी किती, तेल किती, सगळा हिशेब तो शाळेतल्या पोरासारखा द्यायचा, आणि ती मास्तरणीसारखी भुवई उंचावून ऐकायची. वजन खरंच उतरू लागलं. हनुवटीखाली हनुवटी होती ती गेली, गालाला खळी आहे हे उघडकीला आलं. राजेश्वरीला ती खळी फार वेळ बघवेना. आपण दुसरीसाठी नवरा घडवतोय, हे तिला चांगलंच कळत होतं.

गणपती झाल्यावर एका संध्याकाळी तो आला तो काट्याकडे न बघताच आत आला.

"आता असं काहीतरी द्या… जे घेऊन काहीच होणार न्हाई."

तिनं हातानं अख्खी फळी दाखवली. "कुठलंही उचला."

तो हसला नाही. काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. "वजन उतरलं तर ते हो म्हणतील, राजेश्वरी."

मॅडम नाही. राजेश्वरी. मुलींनो, प्रेमाची कबुली ह्याहून वाकड्या वाटेनं कुणी दिली असेल तर मला कळवा. पण तिला ती पुरली. तिनं कवचबिवच नसलेली, निरुपद्रवी, निरुपयोगी अशी एक बाटली शोधून दिली. ती जेवणाच्या टेबलावर ठेवायची, म्हणजे त्याच्या आईला, प्रभावतीबाईंना, पोरगा मेहनत घेतोय असं दिसेल. आणि मग दोघं कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खायची. कांदा वर्ज्य म्हणून त्याचं वेगळं, लिंबू दोघांना एकच. तो पिळायचा, ती बिया काढायची.

घरी सांगा की, असं ती अधूनमधून म्हणायची. तो म्हणायचा, कशाला? मुलीकडचेच नको म्हणतील, कुणाला वाईटपणा नको. जात वेगळी, गाव वेगळं, ते सगळं मग सावकाश बघू. तिला ते तेव्हा शहाणपण वाटलं. पोट पुन्हा सुटत होतं, आणि त्या वाढत्या पोटावर ती जीव टाकत होती.

दसऱ्यानंतर तो आला आणि दारातच उभा राहिला.

"त्यांनी हो म्हटलं."

तिनं पुसायला घेतलेला डबा परत फळीवर ठेवला.

"कीर्ती म्हणाली म्हणे… असू दे जाड, माणूस चांगला वाटतोय."

राजेश्वरीला त्या न पाहिलेल्या मुलीचा राग यायला हवा होता. आला नाही. जे आपल्याला दिसलं, तेच कीर्तीलाही दिसलं होतं.

"आणि तुमी काय म्हटलं?"

"मला कुणी विचारलंच न्हाई."

"तोंड हाय की तुमाला."

आईनं गल्लीभर पेढे वाटलेत, वडील किती दिवसांनी हसलेत, असं तो सांगत सुटला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला कुणाला दुखवायला जमत न्हाई. ते आमच्यात बसतच न्हाई."

"आणि मी? कुणात न्हाई का मी?"

तो फरशीकडे बघत राहिला. ती वाट बघत होती; एक शब्द आला असता, तरी मेढ्यापासून दुधगावपर्यंत ती एकटी भांडली असती. शेवटी त्यानं वर पाहिलं.

"साखरपुड्याचे फोटो हायत… दोन आठवड्यांत थोडं तरी… असं काही असतं का? खरंच चालणारं?"

सगळ्यात वरच्या फळीवर सगळ्यात जहाल डबा होता. तिचा हात तिथवर गेलाही. निदान त्यानं तरी ह्याची छाती रात्रभर धडधडली असती. मग तिनं हात खाली घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "असं काही नसतं. आपलं आपल्यालाच सोसावं लागतं, आर्जव. आपल्या वाटणीचं दुसरं कुणी सोसत न्हाई."

त्यानं मान डोलावली. ती आहाराबद्दल बोलतेय असं त्याला वाटलं, किंवा तसं वाटून घेणं त्यानं पत्करलं. बाहेर उन्हं कलली होती, आणि त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. तो वेळेत घरी जेवायला गेला.