बिननावाची हाक

रुपचंद पाटील जिवंत होते तोवर कधी एकटे जेवले नाहीत. चाळीसगावच्या बाजाराला गेले की येताना कोणाला तरी धरून आणायचेच; एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा त्यांना पाहुणा म्हणून चालायचा. घरात शिरण्याआधी ते दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक करायचे. जितक्या टकटक, तितके पाण्याचे पेले. कमलबाई आतून मोजायच्या, कपाळावर हात मारायच्या आणि पेले काढायच्या. बेचाळीस वर्षं हे असंच चाललं. दिवाळीनंतर रुपचंद गेले आणि चौकट गप्प झाली.

चैत्रात लेक हेमांगी बाळंत होणार होती, तीही थेट इंग्लंडात. शेत आणि घर धाकट्या दिरावर, गिरधरवर सोपवून कमलबाई विमानात बसल्या. हेमांगीच्या गावाचं नाव त्यांच्या जिभेवर काही बसलं नाही, त्या आपल्या ‘हेमीचं गाव’ म्हणायच्या. पण गाव आवडलं हो त्यांना, अगदी मनापासून आवडलं. दर गुरुवारी चौकात बाजार भरायचा, आणि म्हणे आठशे वर्षं तो त्याच चौकात, त्याच वारी भरत होता. मधोमध दगडी खांबांवर उभी असलेली जुनी मंडई, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेले तिचे खांब. कमलबाईंनी त्यांना हात लावून पाहिला.

“बाजार असा जपना पडस,” त्या म्हणाल्या. “आपला लोक त्या खांबवर पयले पानपट्टी थुंकतीन.”

मनगटाएवढ्या जाड पातीचा कांदा त्यांनी उलटून पालटून पाहिला. चीजवाल्या म्हाताऱ्याने तुकडा दिला, तो नाक मुरडत तोंडात टाकला आणि दुसरा मागून घेतला. गावाबाहेर तर डोळे निवायचे. बांधाबांधावर झुडपांची दाट कुंपणं, झाडांखाली निळी फुलं इतकी की जमीन दिसेना, आणि कोणाची राखण नसताना चरणारी कोकरं. शेतातून जाणारी पायवाट कोणीही तुडवावी, मालक काही म्हणत नाही, हे ऐकल्यावर तर त्यांनी त्या मालकाला न बघताच आशीर्वाद देऊन टाकला.

हेमांगीला बाळ झालं, आणि अशातच आखाजी आली.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, पानात पुरणपोळी आणि आमरस, आणि मग गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हाक. गेल्यानंतरची पहिली आखाजी चुकली तर माणूस तहानलेला फिरतो, असं कमलबाई ठामपणे मानायच्या. म्हणूनच गिरधरला त्यांनी दहा वेळा बजावलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा इकडे सकाळचे नऊ वाजले होते.

“वहिनी, घागर भरी, पान वाढं, हाक मारी. कावळा उनाच नही. दुपार व्हई गयी… भाऊ नही उना, वहिनी.”

कमलबाईंना एकच वाटलं, हा माणूस आपल्या मागेमागे इकडे आलाय आणि परक्या मुलखात तहानलेला उभा आहे. त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली टाकली, घरी केलेल्या चार सांजोऱ्या घेतल्या आणि हेमांगीला म्हणाल्या, “चाल, जरा शेतमा जाई येऊत.”

ऊन छान पडलं होतं. बाळाची गाडी लाकडी फाटकापाशी अडली, तेव्हा हेमांगी तिथेच थांबली आणि कमलबाई फाटक ओलांडून पलीकडे गेल्या. दोन पायवाटा मिळत होत्या तिथे एक बसका दगड होता, मधे उखळासारखा खळगा असलेला. आजूबाजूच्या झाडांवर कावळे ढिगाने. जागा त्यांना मनाजोगती वाटली. त्यांनी खळग्यात पाणी ओतलं, काठावर सांजोऱ्या मांडल्या, डोक्यावर पदर घेतला.

आता हाक मारायची, तर नाव घ्यायला हवं. आणि नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा त्या रडून सुटल्या होत्या. घरी असतं तर गिरधरने नाव घेतलं असतं. इथे त्या नुसत्या म्हणाल्या, “या… तहान लागनी व्हई ना? पाणी पी ल्या.”

झाडांवरचे कावळे एकदम गप्प झाले. एकही खाली आला नाही. कोकरांनी चरायचं थांबवून माना वर केल्या. वारा नव्हता, तरी ओल्या लोकरीचा, आंबूस, कोंदट वास अंगाशी आला. आणि मग त्यांना घोट ऐकू आला. घशात अडकत अडकत उतरणारा, फार दिवसांच्या तहानेचा घोट.

खळग्यातलं पाणी बोटभर खाली गेलं.

“आलात…” कमलबाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने घोट वाजला. मग तिसरीकडून. पाणी सरसर उतरत होतं. त्यांनी बाटली उपडी केली, तेही पाणी क्षणात संपलं. दगडाच्या कोरड्या काठावर ओल्या बोटांचे ठसे उमटत होते, मोठ्यांचे, म्हाताऱ्यांचे वाटावेत असे वाकडे, आणि खूपसे अगदी लहान, हेमीच्या बाळाहून जरा मोठ्या मुलांचे. सांजोऱ्यांना मात्र कोणी शिवलं नव्हतं. कमलबाई मागे सरकत सरकत फाटकापाशी पोचल्या.

“आई, पांढरी पडलीस. काय झालं?”

“तो दगड कसाना शे?”

“साथीचा,” हेमांगी म्हणाली. “साडेतीनशे वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा या लोकांनी स्वतःला गावात कोंडून घेतलं, बाहेर कोणाला लागण होऊ नये म्हणून. शेजारच्या खेड्यातली माणसं त्या दगडापाशी भाकरी-पाणी ठेवायची, हाक मारायची आणि मागे न बघता निघून जायची. हाक ऐकली की गावातले येऊन घ्यायचे. पुढे ती माणसंही घाबरून यायची बंद झाली, आणि आतली पोराबाळांसकट हाकेची वाट बघत गेली.”

कमलबाईंनी हात जोडले. केवढ्या मनाचे लोक, दुसऱ्यांसाठी स्वतःला कोंडून घेतलं! भीती होतीच, पण त्याहून जास्त त्यांना त्या लोकांचं कौतुक वाटलं. मग आपली हाक आठवली आणि त्यांनी हेमांगीचा हात धरला.

“हेमे, मी नाव नही लिधं वं. तहानेल व्हतात बिचारा, पी गयात. पन तुना बापना वाटानं पाणी तसंच ऱ्हायनं…”

आषाढात त्या गावी परतल्या. अमावास्येला भर दुपारी त्यांनी उंबऱ्यात नवी घागर मांडली. गिरधर अंगणात उभा होता.

“वहिनी, नाव मी लेस.”

“नही, गिरधर भाऊ. आज मी लेस.”

त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग बेचाळीस वर्षांचा संकोच गिळून त्या मोठ्याने म्हणाल्या, “रुपचंद! घर या!”

चौकटीवर बोट वाजलं. टक.

तेच बोट, तोच ठेका. कमलबाई हसल्या, रडल्या, धावत आत जाऊन पेला काढला. आले! मागचा सगळा घोर त्या एका आवाजात उतरला.

टक. त्यांनी दुसरा पेला काढला. टक, टक. हा माणूस मेल्यावरही एकटा येईल तर शपथ, असं पुटपुटत त्यांनी आणखी दोन घेतले. मग ओल्या लोकरीचा आंबूस वास घरात शिरला आणि त्यांचा हात मांडणीवरच थांबला.

टकटक चालूच होती. पेले संपले, वाट्या संपल्या.

“वहिनी,” अंगणातून गिरधरचा आवाज आला, “कितलं पाणी लागी?”

कमलबाई मोजत होत्या. आवाज आता चौकटीच्या खालच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवरून येत होता.