पैलवान आणि पिवळ्या तापाची लस

सुई टोचली तिला, आणि चक्कर आली त्याला!

लसीकरणाच्या रांगेत तो तिच्या मागे उभा होता — आडदांड, अख्खं दार अडवेल असा. नर्सबाईंनी तिच्या दंडात पिवळ्या तापाची लस टोचली मात्र, मागे धप्प आवाज झाला. तो शुद्धीवर आला तेव्हा ती वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत होती.

"कुठे निघालात, पैलवान?"

"वाळवंटात... आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. विहिरी खोदायची यंत्रं दुरुस्त करतो मी."

त्यानं देशाचं नाव सांगितलं, तशी ती हसतच सुटली. तिलाही तिथंच जायचं होतं! त्या वाळवंटाच्या कडेला समुद्र आहे, आणि थंडीत तिथे पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. ते मोजायला जाण्यासाठी ती दरवर्षी अर्ज करायची. यंदा कुठे निवड झाली होती.

मग काय, तयारीचं निमित्त मिळालं. तो तिकडे एकदा राहून आलेला. रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा. वाळूपासून वाचायला डोक्याभोवती लांब फडकं कसं गुंडाळायचं, हे शिकवताना त्याची बोटं तिच्या कानापाशी जरा रेंगाळायची... आणि तिला लहानाची मोठी करणारी आत्या नेमकी तेव्हाच खाकरायची. तिकिटंही शेजारशेजारची काढली.

"वाळवंट मीच दाखवणार हं तुम्हाला," तो बजावायचा.

आणि ऐन वेळी माशी शिंकली. आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेमकी निघायच्या दिवसाचीच तारीख मिळाली. आणखी थांबलात तर नजर जाईल, डॉक्टर म्हणाले. आत्याला तिच्याशिवाय होतं कोण? तिनं मुकाट्यानं बॅग रिकामी करायला घेतली.

"ठेव ते कपडे परत," आत्या म्हणाली. "पैलवानानं आपलं जाणं कामगारांच्या पुढच्या तुकडीवर ढकललंय. माझ्यापाशी थांबतोय. तुला सांगू नका म्हणाला, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्याला कुठे ठाऊक!"

तिला भरूनच आलं. इतकी वर्षं जे मागितलं ते त्यानं तिच्या ओंजळीत ठेवलं होतं, आणि वर त्याची वाच्यताही नाही. ती तशीच चप्पल अडकवून त्याच्या वर्कशॉपवर पोचली.

"सुईला घाबरणारा माणूस डोळ्यात औषध घालणार?"

तो ग्रीसचे हात पुसत राहिला. "शिकलोय मी. पापणी खाली ओढायची आणि... रागावलात?"

"वाळवंट कोण दाखवणार होतं मला?"

"तुम्ही बघून ठेवा. मी मागून आलो, की तुम्ही दाखवा."

"तुमचे हे उपकार मी..."

"उपकार कसले! मी काय नुसता आत्यांसाठी थांबतोय?" बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तिनं त्याचा ग्रीसचा हात घट्ट धरला. "ऐक. मला तू आवडतोस... फार. तिकडून परत आलो, की आत्याला रीतसर विचार."

"विचारलंय."

"काय? आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या — मला स्वच्छ दिसायला लागू दे, मग तुला नीट बघून सांगते."