पाय बदलून घे

"एकटं कोण आहे? एकटं कोण?"

लिफ्टवाला हायरम नेहमीसारखा ओरडला आणि डेलियाने हातातली काठी वर केली. स्की करणाऱ्यांना ओल्ड केटल डोंगरावर नेणारी दोरावरच्या खुर्च्यांची लिफ्ट जुनी, एका खुर्चीत दोघंच मावणार. शनिवारच्या गर्दीत एकही जागा रिकामी वर गेलेली हायरमला खपत नसे. म्हणून एकट्या आलेल्यांची रांग वेगळी, आणि त्या रांगेत आपल्या शेजारी कोण येणार हे सर्वस्वी हायरमच्या मर्जीवर.

त्या दिवशी आला तो एक उंच, सावळा, गडबडलेला तरुण. खुर्ची मागून आली, त्याच्या गुडघ्यांमागे आदळली आणि तो बसला कसला... कोसळलाच. अर्धा खुर्चीत, अर्धा डेलियाच्या मांडीवर.

"माफ करा! खरंच, माफ करा."

"असू दे. डोकं सांभाळा."

"कशापासून?"

"दांड्यापासून," ती म्हणाली. तोवर पुढचा दांडा खाली येऊन त्याच्या हेल्मेटवर टक्कन वाजला होता.

तो हसला. स्वतःलाच हसणारं, मोकळंढाकळं हसू. बर्फ भुरभुरत होता. त्याचे दोन-चार कण त्याच्या पापण्यांवर येऊन बसले होते आणि ते पुसावेत असं काही त्याला वाटत नव्हतं. डेलियाने नजर देवदारांकडे वळवली... आणि मग मुकाट्याने परत आणली.

"एमिल फोंतनो. मूळचा लुइझियानाचा. आता इथे खालच्या गावात गायींचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे बर्फ फक्त ग्लासात असतो, त्यामुळे जरा समजून घ्या."

"मी डेलिया. खालच्या दुकानात स्कीच्या कडांना धार लावते."

"बाप रे. म्हणजे जपून बोलायला हवं."

"बोलून तर बघा."

धार लावणं हा डेलियाचा धंदा होता आणि तिच्या जिभेलाही तीच सवय लागली होती. तिच्या एका वाक्यावर सगळं दुकान हसायचं. ती नुसती बोलत असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती लिहायचीही.

"मग गायींच्या डॉक्टरांना डोंगराचं वेड कुणी लावलं?" तिने विचारलं.

"खरं तर लागण्याआधीच उतरलं होतं. गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदा आलो, बूट भाड्याने घेतले. अहो, काय ते दुखणं! या डोंगराचा एक ऑनलाइन कट्टा आहे ना? दुपारी त्यावर पायांचा फोटो टाकला आणि विचारलं, 'बूट एवढे दुखतात, हे नेहमीचंच का?'"

डेलिया त्याच्या बुटांकडे बघू लागली.

"मग?"

"एका बहाद्दराने उत्तर दिलं. निळाबर्फ असं नाव आहे त्याचं. म्हणाला, 'बूट बरोबर आहेत. पाय बदलून घे.'"

तो पुन्हा हसला. डेलियाला हसता येईना. स्कीच्या बुटांची बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला हवीत. त्या फोटोत ती सगळी आतल्या बाजूला होती. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. तो फोटो तिला आजही जसाच्या तसा आठवत होता, कारण निळाबर्फ म्हणजे डेलियाच.

"वाक्य झकास होतं हं," एमिल सांगत होता. "मीसुद्धा हसलो. पण त्याचा अर्थ मला कळलाच नाही. वाटलं, नाजूक पायांचा म्हणून चिडवतायत. तसाच संध्याकाळपर्यंत घसरत राहिलो. शेकडो माणसं हसली त्या वाक्याला, पण एकानेही सांगितलं नाही की बाबा रे, बूट उलटे घातलेस. शेवटी चिलीचं गरम कालवण विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. दोन्ही अंगठ्यांची नखं गेली. उभा जन्म गायींचे खूर बघण्यात चाललाय आणि स्वतःचे पाय ओळखता आले नाहीत!"

"त्या कट्ट्यावर परत काही लिहिलंत?"

"छे हो. कोण जातंय?" त्याने हेल्मेट सरळ केलं. "कोण असेल तो निळाबर्फ? मला वाटतं, कुणीतरी दाढीवाला म्हातारा असणार."

"...असेल," डेलिया म्हणाली.

तेवढं एकच अक्षर बोलायचं होतं. 'मी.' ते काही तिच्या तोंडून निघालं नाही. वर पोचल्यावर उतरताना एमिल पडला, तिने हात दिला, आणि तिचा हात जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ धरून त्याने विचारलं, "पुढच्या शनिवारी एकट्यांच्या रांगेत असाल?"

"असेन," ती म्हणाली. हे मात्र लगेच निघालं.

घरी येऊन तिने कट्ट्यावरचं ते जुनं पान उघडलं. वर त्याचा प्रश्न, खाली तिचं वाक्य, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग. ती रांग संपल्यावर, सगळ्यात शेवटी, एमिलचं उत्तर होतं. ते तिने त्या वेळी वाचलंसुद्धा नव्हतं.

'बरं. धन्यवाद!'

डेलियाने लॅपटॉप मिटला. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने तोंड हातांनी झाकून घेतलं. शिवी दिली असती त्याने तर परवडलं असतं. पुन्हा लॅपटॉप उघडून ती पुढे वाचत गेली, तसतशी तिला स्वतःची जास्तच शरम वाटू लागली. तिचं वाक्य कट्ट्याची रीतच होऊन बसलं होतं. कुणी बर्फातला चष्मा कोणता घ्यावा विचारलं, तर 'पाय बदलून घे'. मुलीला स्कीची शिकवणी कुठे लावू, तर 'पाय बदलून घे'. विचारणारी माणसं एकदा यायची आणि परत दिसायची नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून निळाबर्फ सरळ उत्तरं देऊ लागला. चष्मा असा घ्या. हातमोजे ओले झाले तर असे वाळवा. पहिल्यांदाच येताय? या, या, सकाळी लवकर या, उतार मऊ असतो. आठवडाभरात कट्ट्याच्या मालकीण ऑगस्टाबाईंचा फोन आला. मेपलचा पाक काढणं आणि कट्टा चालवणं, दोन्ही त्या एकाच स्वयंपाकघरातून करत.

"काय गं पोरी, ताप आलाय का? एवढं गोड लिहायला लागलीस, मला वाटलं माझाच पाक सांडला."

"मला लाज वाटतेय, ऑगस्टाबाई."

"वाटू दे की. उशिरा का होईना, वाटतेय ना?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

शनिवार येत राहिले. अहो-जाहो तिसऱ्याच शनिवारी गळून पडलं. डेलिया त्याला वळायला शिकवायची, तो थर्मासमधून घरचं गंबो, म्हणजे लुइझियानाचं दाट कालवण, आणायचा आणि दोघं एकाच चमच्याने खायची. पण भेटल्या भेटल्या तिची नजर आधी जायची ती त्याच्या पायांकडे. बकलं बाहेर आहेत ना... आहेत.

"माझा चेहरा इतका वाईट आहे का गं?" त्याने एकदा विचारलं. "दर वेळी आधी बूटच बघतेस ते?"

डेलिया लाल झाली. ती लाजली असं त्याला वाटलं, आणि तो खूश झाला. तिला लाज वाटत होती, हे त्याला कसं कळावं?

एकदा तिने धीर केला. तो तिच्यासाठी गरम गंबोवर फुंकर घालत होता, केसांत बर्फ, नाकाचा शेंडा गुलाबी.

"एमिल, मला काहीतरी सांगायचं—"

"खारट झालंय?"

"...नाही. छान झालंय."

ती चांगलीच गुंतली होती. आणि जितकी गुंतत होती तितकं सांगणं अवघड होत होतं. सांगितलं तर हा जाणार, नाही सांगितलं तर आपण फसवतोय! जिच्यापुढे बोलायला लोक दबकायचे, तिची स्वतःची दातखीळ बसली होती.

आणि मग कट्ट्याचा मेळा आला. दर मार्चमध्ये सगळी मंडळी डोंगरावर जमतात आणि प्रत्येकाने आपलं कट्ट्यावरचं नाव टेपवर लिहून हेल्मेटच्या कपाळावर चिकटवायचं, ही तिथली जुनी पद्धत. नाहीतर एरवी कोण कुणाला ओळखणार? डेलिया मात्र दर वर्षी त्या दिवशी दुकानातच असायची, त्यामुळे निळाबर्फ कोण हे ऑगस्टाबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मीही येतो," एमिल म्हणाला. "हल्ली तो निळाबर्फ सुधारलाय म्हणे. त्या दाढीवाल्याला एक वाटी चिली पाजतो."

त्या सकाळी डेलिया टेप आणि पेन घेऊन कितीतरी वेळ बसली. शेवटी तिने हेल्मेटवर लिहिलं, 'डेलिया'. ऑगस्टाबाईंनी ते वाचलं, भुवई उंचावली आणि तिच्या हातात डोनट ठेवला.

एमिल गर्दीत दाढ्या शोधत हिंडत होता. तेवढ्यात पार्किंगकडून एक मुलगी लंगडत आली. कपाळावर कोरी टेप, हातात भाड्याच्या स्की.

"इथेच आहे ना मेळा?" तिने विचारलं. "मी नेल... कट्ट्यावर अजून काही लिहिलं नाही मी. नुसतं वाचते."

तिच्या बुटांची बकलं आत होती.

मंडळींच्या ते लगेच लक्षात आलं. कुणीतरी कोपऱ्याने कुणाला तरी डिवचलं, आणि मग मागून एक आवाज आला, "पाय बदलून घे!" झालं, सगळा मेळा खदखदून हसला. नेलही हसली... काय झालं ते न कळता, लाल होऊन, इकडेतिकडे बघत. "बरं," ती म्हणाली. "धन्यवाद."

डेलियाच्या हातातला डोनट खाली पडला.

ती पुढे गेली आणि नेलपुढे बर्फातच गुडघे टेकून बसली. "ती घडीची खुर्ची घे, बस. बूट उलटे घातलेस तू. तुझी चूक नाही, सगळ्यांचं होतं. बकलं बाहेर हवीत, एवढं लक्षात ठेव." एकेक बकल सोडवत, बूट बदलून परत आवळत ती बोलत होती. हसणं हळूहळू थांबलं. मग तिने वर पाहिलं. एमिल समोरच उभा होता, आणि तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता की तिला ते सोसवेना.

"आणि तुम्ही सगळे ऐका," ती म्हणाली. "ते वाक्य माझं आहे. मी निळाबर्फ. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एका माणसाने मदत मागितली होती, आणि मी टाळ्या घेतल्या. आता ते कुणी कुणाला म्हणू नका."

एमिलच्या चेहऱ्यावरचं कौतुक जिथल्या तिथे थिजलं. तो वळला आणि लिफ्टच्या दिशेने चालू लागला... एकट्यांच्या रांगेकडे.

नेलच्या बुटाचं शेवटचं बकल राहिलं होतं. ते लावून मगच डेलिया धावली.

"एकटं कोण आहे?" हायरम ओरडत होता. सगळा डोंगर मेळ्यात, रांगेत दुसरं चिटपाखरू नाही. डेलियाने काठी वर केली. तिच्या गुडघ्यांना बर्फ चिकटला होता आणि डोळे वाहत होते. हायरमने एकदा तिच्याकडे, एकदा एमिलकडे पाहिलं. "आज दोघंही एकटेच का?" तो पुटपुटला आणि त्याने खुर्ची धरून ठेवली.

खुर्ची उचलली गेली. एमिलने दांड्याला हात घातला.

"डोकं सांभाळ," तो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

पहिले दोन खांब गेले. तिसरा गेला.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला."

"हो."

"आणि मी तीच गोष्ट तुला रंगवून रंगवून सांगत होतो. मित्रांना सांगायचो तेव्हाही तू शेजारी उभी असायचीस. हसत."

"हसत नव्हते."

"मग काय करत होतीस?"

"लाजेने मरत होते."

वारा खुर्ची हलवत होता. एमिल समोर बघत राहिला. "ते वाक्य लिहिलंस त्याचा मला राग नाही, डेलिया. तेव्हा तू मला ओळखत नव्हतीस. पण नंतर ओळखत होतीस ना?"

"सांगितलं असतं तर पुढच्या शनिवारी तू आला नसतास."

"एवढंच ओळखलंस मला?"

एरवी कुणालाही उत्तर देणारी डेलिया हातमोजे कुस्करत बसली. मग तिने जे होतं ते सरळ सांगून टाकलं. "तू मला फार आवडतोस, एमिल. म्हणून भ्याले. सबब सांगत नाहीये... पण तसं झालं."

बर्फ पुन्हा भुरभुरायला लागला.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही," तो म्हणाला.

"कोणत्या?"

"बूट एवढे दुखतात, हे नेहमीचंच का?"

"नाही. नवीन असताना थोडे आवळतात. पण दुखत असतील तर काहीतरी चुकलंय. मग सांगायचं... म्हणजे कुणीतरी खाली बसून बघतं."

"कुणीतरी?"

"मी बघेन."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. "उजव्या अंगठ्याचं नख आलंय पूर्ण," तो गंभीरपणे म्हणाला. "डाव्याचं अजून अर्धंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढा राग शिल्लक आहे."

"किती दिवस लागतील?"

"खूर असता तर सांगितलं असतं. नखाचा काही भरवसा नाही. दर शनिवारी येऊन बघावं लागेल."

डेलिया रडता रडता हसली. चष्मा आतून पार धुरकट झाला, आणि त्यामुळे वरचं उतरण्याचं ठिकाण कधी आलं ते तिला दिसलंच नाही. एमिल उभ्या उभ्या, सफाईने खाली उतरला, आयुष्यात पहिल्यांदाच. आणि चालायला शिकण्याआधी घसरायला शिकलेली डेलिया स्टॅनर्ड, त्याच्याच देखत, सपशेल आडवी झाली.

तो परत फिरला आणि तिच्यापुढे वाकला. पापण्यांवर पुन्हा तेच दोन-चार कण.

"नवीन आहात का इथे?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "अगदीच नवीन."

"या मग," म्हणत त्याने हात पुढे केला.